1969 ची जीटीओ, 401के चं कर्ज आणि गॅरेजमधली एकच जागा

मिशिगनमधल्या ट्रॉयहून एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलंय. त्यातली साडेतीन पानं गाडीवर आहेत आणि अर्धं पान पैशांवर. थोडक्यात असं: वय 52, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिन कॅलिब्रेशनचं काम, मूळचे सांगलीचे, 1998 पासून डेट्रॉइट परिसरात. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात. त्यांना 1969 ची पॉन्टिॲक जीटीओ 'जज' (जीटीओ या अमेरिकी गाडीची खास आवृत्ती) घ्यायची आहे, किंमत 85,000 डॉलर. त्यातले 50,000 ते 401के मधून (नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून) कर्ज म्हणून काढणार आहेत आणि 35,000 घरावरच्या क्रेडिट लाइनमधून. दोन्हींचा दर साडेआठ टक्के, दोन्ही पाच वर्षांत फेडायचे. 'अशा गाड्यांची किंमत वाढतच जाते, तेव्हा हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. पटतंय ना?' असा शेवटचा प्रश्न. पत्नीचं मत एका ओळीत आहे: 'तिचं म्हणणं, आधी छत.'

नमस्कार.

नाही, पटत नाही. पण गाडी घेऊच नका असंही मी म्हणणार नाही. त्यामुळे पत्र इथेच मिटून ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की मालकाने गाडी चालू करून तुम्हाला आत बसवलं आणि तुमच्या हातातल्या कपातली कॉफी थरथरायला लागली. हे वाचून मी थांबलो. माझ्या एका क्लायंटने मला असंच एकदा बसवलं होतं. मी काही गाड्यांचा माणूस नाही. माझ्या दारात बारा वर्षांची कॅमरी आहे. पण त्याने डॅशबोर्डखालची मूठ ओढून बॉनेटवरची हवेची तोंडं उघडली, गाडी वुडवर्डवर, म्हणजे डेट्रॉइटच्या मोठ्या रस्त्यावर, काढली आणि उजवा पाय खाली दाबला. क्वाड्राजेट कार्ब्युरेटरचे मागचे दोन मोठे दरवाजे उघडतात तेव्हा जो घोगरा हुंकार येतो, तो मी अजून विसरलेलो नाही. त्या आवाजाचं कारण त्यानेच सांगितलं (तुम्हाला ते माहीत आहेच, हे बाकीच्या वाचकांसाठी): इंजिन आठ सिलेंडरचं, चार डाव्या बाजूला, चार उजव्या. पॉन्टिॲकमध्ये ते 1-8-4-3-6-5-7-2 या क्रमाने पेटतात. विषम आकडे डावीकडचे आणि सम उजवीकडचे, हे लक्षात घेऊन क्रम वाचलात तर दिसेल की एकाच बाजूचे दोन बार अधूनमधून लागोपाठ उडतात. ताल चुकतो. त्या चुकलेल्या तालावर लोक गेली साठ वर्षं जीव टाकताहेत.

तुम्ही वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीचा उल्लेख केलाय म्हणून सहज हिशेब केला. पद्मिनीचं इंजिन 1,089 सीसी. जीटीओचं 400 घनइंची, म्हणजे साडेसहा हजार सीसीच्या थोडं वर. सहा पद्मिनी एका बॉनेटखाली. सांगलीच्या मुलाला याची भुरळ पडली यात नवल काय?

तेव्हा हौस खरी आहे, यावर आपलं एकमत. आता अर्ध्या पानाकडे वळू.

आधी ही गाडी जन्माला कशी आली ते, कारण तुमच्या बेतात आणि त्या गोष्टीत मला एक साम्य दिसतं. 1964 मध्ये जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्याच कंपनीच्या पॉन्टिॲक विभागात मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली: नवीन मॉडेल आणायचंच नाही, टेम्पेस्ट लमान्स या आधीच्याच मॉडेलवर 'ऑप्शन' म्हणून 389 चं इंजिन द्यायचं. वरिष्ठांना कळेपर्यंत ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. त्या पहिल्या वर्षी 32,450 जीटीओ विकल्या गेल्या. तुम्हीही तेच करताय. 'निवृत्तीच्या पैशांना हात लावायचा नाही' हा नियम तुम्ही स्वतःच केलेला (पहिल्याच पानावर आहे), आणि 'काढत नाहीये, फक्त उसने घेतोय' ही तुमची पळवाट. डिलोरिअन यांना ती लाभली, कारण गाडी बाजारात नवी होती आणि पैसे कंपनीचे होते.

तुमचा आकडा 85,000 नाही. मिशिगनमध्ये सहा टक्के विक्रीकर आहे, 5,100. क्रेडिट लाइनचे 35,000 साडेआठ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर व्याज 8,100 च्या आसपास. विम्याचं कोटेशन तुम्ही दिलंय, वर्षाला 900. तुमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात आणि दोन आहेत, म्हणजे ही तिसरी नोव्हेंबर ते एप्रिल कुठेतरी भाड्याने ठेवावी लागेल. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठात ती काढायची म्हणजे आत्महत्याच. महिन्याला 150 धरा, सहा महिन्यांचे 900. दुरुस्ती, टायर, कार्ब्युरेटर आणि 'आता उघडलंच आहे तर' या सदराखाली वर्षाला 2,200. मी हे कमीच धरलंय. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात दोरीचं सील असतं, तिथून तेल ठिबकतं. टायमिंग गिअरवर नायलॉनचे दाते असतात, ते वयाने झडून तेलाच्या पंपाकडे जातात. सिलेंडरमधला मूळ दाब 10.75 ला 1, म्हणजे पंपावरचा सगळ्यात महागडा गॅस (आपलं पेट्रोल), त्यातल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप कुजतात. वर्षाला दोन हजार मैल चालवणाऱ्याला गॅसचा खर्च मात्र किरकोळच, तो मी मोजलेलाही नाही.

दहा वर्षांची बेरीज: 85,000 अधिक 5,100 अधिक 8,100 अधिक चाळीस हजार. 1,38,200 डॉलर.

म्हणजे दहा वर्षांनी ही गाडी 1,38,200 ला विकली तर तुम्ही जिथे होतात तिथेच आलात. त्यासाठी किंमत दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढावी लागते, एकही वर्ष न चुकता. शिवाय तेवढ्याला विकली तर कागदावर 48,100 चा नफा दिसेल, कारण विमा, गोदाम आणि तेलपाणी खरेदी किमतीत मिळवता येत नाही. जुन्या संग्राह्य वस्तूंवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला शेअर्ससारखा 15 टक्क्यांचा दर लागत नाही. तुमचा नेहमीचा दर लागतो, कमाल 28 टक्के. तुमचा 24 टक्क्यांचा, वर मिशिगनचे 4.25. साडेतेरा हजार गेले. आणि तोटा झाला तर? हौसेच्या वस्तूवरचा तोटा करात वजा होत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात तुम्ही एकटे. (सीपीएला, म्हणजे कर बघणाऱ्या अकाउंटंटला, एकदा दाखवून घ्या, पण तो काही वेगळं सांगेल असं वाटत नाही.)

'किंमत वाढतच जाते' हे तुम्हाला कोण सांगतं? 2014 मध्ये सिॲटलच्या लिलावात 1971 ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल 35 लाख डॉलरना गेली, ती बातमी सगळ्यांच्या लक्षात राहते. तशा गाड्या 1971 मध्ये मोजून अकरा बनल्या होत्या. जीटीओ 1969 या एका वर्षात सत्तर हजारांच्या वर निघाल्या, त्यातल्या 6,833 जज. शिवाय 1969 मध्ये जो मुलगा सतरा वर्षांचा होता आणि पगार साठवून शोरूमच्या काचेला नाक लावून उभा राहायचा, तो आज सत्तरी ओलांडून गेलाय. या बाजाराचा कणा तोच होता. आता त्याची मुलं गॅरेज रिकामं करताहेत. त्यांच्यातला प्रत्येक जण ती गाडी ठेवणार नाही, आणि तुमची मुलगी तुमच्याकडून ती घेणार का हेही तिला विचारून बघा.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

2009 आठवा. तुम्ही इथेच होतात. एप्रिलच्या अखेरीस पॉन्टिॲक बंद करत असल्याची घोषणा झाली, त्याच आठवड्यात क्रायस्लरने दिवाळखोरी जाहीर केली, 1 जूनला जनरल मोटर्सने. 2006-07 कडे वर गेलेले मसल कारचे (अशा मोठ्या इंजिनच्या जुन्या गाड्यांचे) भाव तोवर उतरले होते. आणि ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनाच गाड्या विकायच्या होत्या. तुमचा पगार गाड्यांच्या धंद्यातून येतो. तुमचं घर डेट्रॉइटच्या उपनगरात, त्याची किंमतही त्याच धंद्यावर. आता बचतीचा एक मोठा तुकडाही तुम्ही त्याच धंद्याच्या जुन्या आठवणीत घालताय. तिन्ही एकाच दिवशी पडू शकतात. माझ्याकडे त्या वर्षी आलेल्या दोन जणांचे तिन्ही एकाच दिवशी पडले होते.

आणि 401के चं कर्ज नेमकं तेव्हाच गळ्याशी येतं. नोकरीत असेपर्यंत ते सोज्वळ दिसतं. व्याजही स्वतःलाच मिळतं म्हणे. (मिळतं, पण कर भरून उरलेल्या पैशातून भरावं लागतं, आणि तेवढी रक्कम मधल्या काळात बाजाराबाहेर राहते.) नोकरी सुटली की बहुतेक वेळा उरलेलं मुद्दल त्या वर्षाचं कर-विवरण भरायच्या मुदतीपर्यंत परत करावं लागतं, मुदतवाढ धरून. नाही जमलं तर ती रक्कम तुमचं उत्पन्न मानली जाते. समजा पहिल्याच वर्षात तुम्हाला नोकरीवरून काढून टाकलं आणि जवळजवळ सगळे 50,000 उरलेत. 24 टक्के केंद्राचे, 4.25 राज्याचे, आणि तुम्ही पंचावन्नच्या अलीकडे असल्यामुळे 10 टक्के दंड. 19,000 डॉलर, हातात पगार नसताना. ते भरायला तुम्ही काय विकाल? जज. कोणाला? तुमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाला, ज्याची नोकरी अजून आहे आणि ज्याला घासाघीस करायला भरपूर वेळ आहे.

घरावरच्या क्रेडिट लाइनबद्दल एवढंच की वहिनी बरोबर आहेत. ती छतासाठी मोकळी ठेवा. वीस वर्षांचं छत बदलायला ती वापरलीत तर व्याजाची करात वजावट मिळू शकते, गाडीसाठी वापरलीत तर नाही.

आता जजबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'नंबर्स मॅचिंग आहे असं मालक म्हणतो,' म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं आहे. तुम्ही इंजिनिअर आहात, कोणाच्या 'म्हणण्यावर' तुम्ही एरवी कधी सही केली आहे का? 1966 ते 1971 च्या जीटीओचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) 242 ने सुरू होतो, त्यावरून ती जीटीओ आहे एवढं कळतं. जज होती का, हे त्यावरून कळत नाही. जज ही 332 डॉलरची ऑप्शन होती. मागचा पंख, पट्टे, स्टिकर आणि 366 अश्वशक्तीचं रॅम एअर इंजिन. पंख आज नवा मिळतो, पट्टे मिळतात, स्टिकर मिळतात, नारिंगी रंग कोणीही मारून देतो. ती कारखान्यातूनच जज म्हणून निघाली का, हे जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे असलेल्या मूळ बिलाच्या नोंदीवरून ठरतं. तो कागद मागवायला लागणारे पैसे 85,000 पुढे अगदीच किरकोळ. मालकाकडे तो नाही, आणि 85,000 मागताना त्याने तो मागवलेलाही नाही. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा.

माझ्या क्लायंटने, वर सांगितला तोच, गाडी घेतल्यावर सात महिन्यांनी पुढच्या बाजूने रेडिएटर काढला. इंजिन ब्लॉकच्या तोंडावर व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. तो होता, आकडेही बरोबर होते. पण त्या एवढ्या पट्टीवर धातू ताजा घासलेला, आणि आकड्यांची ओळ एखाद्या शिकाऊ मुलाने पाटीवर लिहावी तशी वरखाली. कोणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकला होता. विकणाऱ्याने हात वर केले. त्या दिवशी गाडी आदल्या दिवसासारखीच चालत होती, आवाजही तोच होता. पण किंमत पंधरा हजारांनी खाली आली होती.

यातच तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं. तुम्ही पत्राच्या शेवटी दुसरी एक जाहिरात 'सहज' म्हणून जोडली आहे: 1969 चीच जीटीओ, हिरवी, व्हीआयएन 242, फोर-स्पीड. मूळ इंजिन गेलेलं, जागी दुसऱ्या पॉन्टिॲकचं 400. मागणी 38,000. तुम्ही तिला एका ओळीत निकालात काढलंय, 'इंजिन मूळ नाही म्हणून.' पण पॉन्टिॲकमध्ये स्मॉल ब्लॉक आणि बिग ब्लॉक असा भेद नव्हता. 326 पासून 455 पर्यंत बाहेरून ब्लॉक एकाच मापाचा, एकाच जागी बसणारा. पेटण्याचा क्रम तोच. कॉफी तशीच थरथरेल. दोन जाहिरातींमध्ये 47,000 डॉलरचा फरक आहे, तो आवाजाचा नाही, कागदाचा आहे. आणि तो कागदही तुमच्या मालकाकडे नाही.

संग्राहक कागद विकत घेतो, आणि ते बरोबरही आहे. तो त्याचा खेळ आहे. तुमच्या चार पानांत मला संग्राहक कुठे दिसला नाही. मला वुडवर्डवर ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी काच खाली करून बसायचं स्वप्न बघणारा माणूस दिसला. 1995 मध्ये फर्नडेलमधल्या मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला सुरू झालेला तो ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, तिथे कोणी तुमचा रेडिएटर काढून नंबर बघायला येत नाही. आणि मूळ इंजिन नसलेल्या गाडीचा एक फायदा मालक लोक खासगीत कबूल करतात: ती चालवता येते. ऐंशी हजारांची गाडी पावसाचा थेंब पडला की घरी पळवावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा. आत्ता कोणतीच नाही. तुम्ही दोन्ही कर्जांचे मिळून महिन्याला 1,744 डॉलर भरायला तयार आहात. ठीक आहे, पुढच्या महिन्यापासून भरायला लागा, पण स्वतःच्या मनी मार्केट खात्यात. त्या खात्याला 'जीटीओ' असं नाव द्या, बँकेच्या ॲपमध्ये देता येतं. चोवीस महिन्यांत 41,856 होतात, व्याज वेगळं. 38,000 ची गाडी आणि 2,280 कर त्यात बसतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल नसेल, हप्ता असतो, तो फक्त गाडीच्या आधी भरायचा की नंतर एवढंच आपल्या हातात.

या दोन वर्षांत मुलीचं कॉलेज संपेल. तिच्या 529 खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) 40,000 आहेत आणि खर्च वर्षाला 34,000. म्हणजे 28,000 कमी पडणार. ते तुमच्या 55,000 च्या इंडेक्स फंडातून जातील. तुम्ही हे पत्रात लिहिलं नव्हतं, मी आकडे जुळवून बघितले. अडीअडचणीचे 28,000 आहेत त्यांना हात लावायचा नाही. आणि हा 1,744 चा हप्ता मध्येच चार-पाच वेळा चुकला, कधी छतासाठी, कधी भारतातल्या तिकिटांसाठी, तर तोच हप्ता बँकेला देताना काय झालं असतं हेही कळेल. तेव्हा तुम्ही मला शिव्या घालणार नाही.

घ्याल तेव्हा विमा 'ॲग्रीड व्हॅल्यू'चा घ्या. गाडी गेली तर ठरलेली रक्कम मिळते. नेहमीच्या पॉलिसीत कंपनी घसारा धरून पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत ठरवते, आणि ती ऐकून रडू येईल. मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट स्वस्त पडते, पण तिच्यावर रोजचा वापर चालत नाही. मेळावे, परेड, दुरुस्तीनंतरची चाचणी, एवढंच. अपवाद ऑगस्ट महिन्याचा, तेव्हा अधूनमधून कुठेही नेता येते. कायदा करणाऱ्यांमध्ये कोणीतरी वुडवर्डवाला असणार.

राहता राहिलं गॅरेज. हिवाळ्यात भाड्याच्या जागेचे 900 मी धरले आहेत ते धरलेलेच राहू द्या. 'मी माझी गाडी बाहेर लावीन' असं तुम्ही लिहिलंय. जानेवारीत सकाळी सहाला काचेवरचा बर्फ खरवडायची पाळी पहिल्या आठवड्यात तुमची असेल, तिसऱ्या आठवड्यात 'तू उशिरा निघतेस तर' असं होईल. मी बघितलंय.

आणि त्या हिरव्या गाडीच्या मालकाला फोन करून एवढंच विचारा की मागच्या काचेखालच्या पत्र्याला गंज आहे का, आणि डिकीतला गालिचा उचलून तो फोटो पाठवेल का. ती दोन वर्षांनी विकायला नसेलच, दुसरी असेल. पण कुठे बघायचं याचा सराव आत्तापासून होऊ दे. फोटो आला तर मलाही पाठवा.